पर्यावरण अभियंत्याला कामाचं फळ कधी दिसतं?

पर्यावरण अभियांत्रिकीकडे वळू पाहणारी मुलं-मुली हमखास विचारतात, की या कामात समाधान मिळतं का? मिळतं, भरपूर मिळतं. पण एवढ्यावर थांबलं तर ते अर्धंच उत्तर होईल. पूल बांधणाऱ्याचा पूल उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभा असतो. आपल्या कामाचं फळ बहुतेक वेळा 'काही घडलं नाही' अशा रूपात येतं. साथ आली नाही, नदीत मासे मेले नाहीत, विहिरींचं पाणी बिघडलं नाही. जे डोळ्यांना दिसतं, तेही उशिराच. त्यामुळे या पेशात समाधान आपोआप पदरात पडत नाही. ते मोजून घ्यावं लागतं, आणि मोजण्याची तयारी कामाला हात घालण्याआधीच करून ठेवावी लागते. माझ्या मते या क्षेत्रात वर्षानुवर्षं उमेदीने काम करणारे आणि दहा वर्षांत अहवालांना कंटाळलेले यांच्यातला मोठा फरक इथेच आहे.

उशीर आपल्या रोजच्या चाचणीतच बसलेला आहे. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात याची, चाचणी 20 अंश सेल्सिअसला पाच दिवस चालते, काही देशांत 27 अंशांना तीन दिवस. म्हणजे सोमवारी एअरेशन टँकमध्ये (सांडपाण्यात हवा सोडण्याच्या टाकीत) केलेल्या बदलाचा बीओडी शनिवारी कळणार. सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, दोन तासांच्या डायजेशननंतर (रसायनासोबत तापवल्यावर) हाती येतो, म्हणून रोजचा कारभार त्यावर चालवायचा. दोघांचं गुणोत्तर मात्र त्या त्या सांडपाण्यासाठी स्वतः बसवून घ्यायचं, पुस्तकातलं उचलायचं नाही. घरगुती मैलापाण्याचं गुणोत्तर रंगाच्या किंवा औषधांच्या कारखान्याला लावलं की सगळी गणितं फसतात.

कामाच्या शाखेप्रमाणे हा उशीर फार बदलतो, आणि शाखा निवडताना हे कोणी सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात निकाल तासाभरात मिळतो. जार टेस्टमध्ये सहा भांड्यांत तुरटीची वेगवेगळी मात्रा घाला, मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांच्या वेगाने एक मिनिट ढवळा, मग 25-30 फेऱ्यांवर वीस मिनिटं, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. कोणत्या भांड्यात गाळाचे गोळे जड होऊन खाली बसले आणि कुठे पाणी दुधट राहिलं, ते समोर दिसतं. सांडपाण्याच्या जैविक प्रक्रियेत निकालाला आठवडे लागतात, तलाव सुधारायला वर्षं. दूषित भूजल आणि बंद केलेल्या कचराभूमी यांचा हिशोब दशकांत असतो. अमेरिकेत आणि युरोपात कचराभूमी बंद केल्यानंतरची देखरेखच साधारण तीस वर्षांची धरलेली आहे. ज्याला निकाल लगेच हवा असतो, त्याने भूजल शुद्धीकरणात जाऊन कुढत बसण्यात अर्थ नाही. आणि ज्याला लांब पल्ल्याचं कोडं आवडतं, त्याला गाळण टाक्यांची रोजची पाळी रुक्ष वाटेल.

समाधानाच्या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत काम कुठलं, असं विचारलं तर मी जैविक प्रक्रियेचं नाव घेईन, कारण तिथे जिवंत गोष्टीशी व्यवहार असतो. 1914 मध्ये मँचेस्टरजवळ डेव्हीहल्म इथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्यांदा पाणी पूर्ण स्वच्छ व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी काढून टाकलं, तळाचा गाळ मात्र तसाच ठेवला आणि नवं सांडपाणी घातलं. दर फेरीला वेळ कमी होत गेला आणि अखेर हेच काम 24 तासांच्या आत होऊ लागलं. लोक फेकून देत होते तो गाळच खरा कामगार निघाला. ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत आजही याच पायावर उभी आहे.

हा गाळ सांभाळणं हे कौशल्य आहे, आणि ते हातात येतं तसा आनंद वाढत जातो. टाकीतला एमएलएसएस (पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण) साधारण 2000 ते 4000 मिलिग्रॅम प्रति लिटर, विरघळलेला ऑक्सिजन 2 च्या आसपास. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये गाळमिश्रित पाणी घ्या आणि तीस मिनिटांनी गाळ कुठवर बसला ते वाचा. 300 मिलीवर बसला आणि एमएलएसएस 3000 असला तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा) 100, म्हणजे तब्येत उत्तम. 150 च्या वर गेला की गाळ फुगतोय, क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवण्याच्या टाकीवर) लक्ष ठेवा. पण आकडा फक्त ताप सांगतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली सापडतं. देठावर उभे असलेले व्होर्टिसेला आणि थोडे रोटिफर हे सूक्ष्मजीव दिसले तर गाळ पक्व आहे. गोळ्यांतून केसांसारखे तंतू बाहेर आलेले दिसले तर ऑक्सिजन कमी पडतोय का, अन्न फार कमी आहे का, की नायट्रोजन-फॉस्फरसची उपासमार आहे, हे तपासायचं. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण 100:5:1 धरतात. कारखान्याच्या सांडपाण्यात शेवटचे दोन बऱ्याचदा नसतातच, ते बाहेरून द्यावे लागतात.

इथे नवशिक्यांची एक ठरलेली गफलत होते. क्लॅरिफायरवर गाळ तरंगताना दिसला की 'गाळ फुगला' असं म्हणून मोकळे होतात. पण गाळ नीट बसून नंतर ढेकळांनी वर येत असेल आणि सोबत बुडबुडे असतील, तर तो फुगलेला नाही. तळाशी ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात, मोकळा झालेला नायट्रोजन वायू गाळाला उचलतो. सिलिंडरमधला वर आलेला गाळ काडीने हलवला, की बुडबुडे सुटतात आणि तो पुन्हा खाली जातो. फुगलेला गाळ मुळात खाली बसायलाच तयार नसतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत: पहिल्यात क्लॅरिफायरमधला गाळ लवकर परत उचलायचा, दुसऱ्यात तंतूंचं मूळ कारण शोधायचं. काडीच्या दोन हलक्या धक्क्यांत रोग ओळखता येणं ही या कामातली अस्सल मजा आहे.

दुसरी गोष्ट संयमाची. गाळ काढून टाकण्याचं प्रमाण बदलायचं झालं तर दिवसाला 10-15 टक्क्यांहून जास्त बदलू नये. नवी घडी बसायला गाळाच्या वयाच्या (गाळ प्रक्रियेत सरासरी जितके दिवस राहतो त्याच्या) दोन ते तीन पट वेळ द्यावा लागतो. गाळाचं वय दहा दिवस असेल तर तीन-चार आठवडे थांबायचं. या काळात घाबरून हवाही वाढवली, गाळ टाकीत परत आणणारा पंपही वाढवला आणि पोषणही बदललं, तर प्लांट सुधारला तरी कशाने सुधारला हे कधीच कळत नाही. मग शिकल्याचं समाधान हातचं जातं. एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारखेसह नोंद ठेवा.

नवा प्लांट चालू करताना नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) सुरू होण्याची वाट पाहणं हा तर या पेशातला सगळ्यात उत्कंठेचा काळ. अमोनिया खाणारे जिवाणू फार हळू वाढतात, आणि पाणी 10 अंशांच्या खाली गेलं की जवळजवळ झोपतात. कित्येक दिवस अमोनियाचा आकडा जागचा हलत नाही. मग नायट्राइट डोकं वर काढतं, त्यामागून नायट्रेट, आणि अमोनिया थोड्याच दिवसांत झपाट्याने खाली येतो. पण नेमक्या याच वेळी सापळा असतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रिफिकेशनला सुमारे 4.57 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 7.14 मिलिग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) खर्च होते. लिटरमागे 40 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर 286 मिलिग्रॅम अल्कलिनिटी संपणार. येणाऱ्या पाण्यात ती 250 असेल तर सामू (पीएच) कोसळतो, जिवाणू बसतात आणि सगळ्यांना वाटतं की बाहेरून विष आलं. विष वगैरे काही नसतं, साधी वजाबाकी राहून गेलेली असते. शेवटी किमान 50 ते 100 मिलिग्रॅम शिल्लक राहील इतका चुना किंवा सोडा आधीपासून देत राहायचा.

ज्यांना यापेक्षा लवकर फळ हवं आहे त्यांनी टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरकडे पाहावं. अशा प्लांटच्या एकूण विजेतली साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा देण्यात जाते. हवेतून पाण्यात ऑक्सिजन किती वेगाने जाईल, हे संपृक्त पातळी (पाण्यात जास्तीत जास्त मावणारा ऑक्सिजन) आणि सध्याची पातळी यांच्यातल्या फरकावर ठरतं. संपृक्त पातळी लिटरमागे 8 मिलिग्रॅम धरली आणि टाकी 4 वर चालवली तर फरक 4. तीच टाकी 2 वर आणली तर फरक 6. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन देण्यासाठी हवा एक-तृतीयांश कमी पुरते. बिलावर हे पुढच्याच महिन्यात दिसतं. मात्र आधी डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटरचं कॅलिब्रेशन तपासा आणि त्याच्या टोकावरचा चिकटा पुसा. चिकटलेला सेन्सर ऑक्सिजन कमी दाखवतो, ब्लोअर उगाच धावत राहतो आणि दोष डिफ्युझरवर (हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागावर) येतो.

आता मोजण्याच्या तयारीबद्दल. प्रकल्प छोटा असो की मोठा, सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवून ठेवणं हे माझ्या मते करिअरभर पुरणारं भांडवल आहे. किमान एक वर्षभराचं चित्र हवं, कारण पावसाळी आणि कोरड्या दिवसांतलं पाणी वेगळं असतं. दिवसभरात ठरावीक वेळाने घेतलेले आणि प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेले नमुने घ्या. सकाळी अकराला भरलेल्या एका बाटलीवर काहीही ठरवू नका. नमुने 4 अंशांच्या आसपास थंड ठेवा, बीओडी शक्य तितक्या लवकर लावा. प्रवाह मोजला नसेल तर नुसत्या मिलिग्रॅमला अर्थ नाही. दिवसाला किती किलो भार आला आणि किती गेला, हे आकडे लागतात. दिवसाला 10 लाख लिटर पाणी आणि लिटरमागे 250 मिलिग्रॅम बीओडी म्हणजे 250 किलो. बाहेर पडताना 10 मिलिग्रॅम असेल तर 10 किलो. म्हणजे रोज 240 किलो प्रदूषण नदीपर्यंत पोहोचलं नाही. असे हिशोब करून ठेवणाऱ्या अभियंत्याला 'मी काय केलं' हा प्रश्न छळत नाही.

असा आधीपासूनचा आलेख हाती असला की काय दिसू शकतं, याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनचं. सांडपाण्यातल्या फॉस्फरसने तिथे शेवाळ माजलं होतं. प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांचे सहकारी तलावाचा अभ्यास करत होते, म्हणून बिघाड लवकर ओळखू आला. 1963 ते 1968 या काळात सांडपाण्याचे सगळे प्रवाह टप्प्याटप्प्याने तलावापासून वळवले गेले. वीस सेंटिमीटरची पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं, इतकी साधी मोजणी. 1964 मध्ये ती सुमारे 76 सेंटिमीटरला गायब होत होती. 1968 पर्यंत तीन मीटरपर्यंत दिसू लागली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डॅफ्निया नावाचे बारीक कवचधारी जीव वाढले, ते शेवाळ खाऊ लागले आणि पाणी आणखी नितळ झालं. शेवटचा टप्पा कोणी आखलेला नव्हता. भार काढून घेतला की निसर्ग पुढचं काम स्वतः करतो, आणि हे पाहायला मिळणं हा या पेशाचा खास वाटा आहे. मात्र सगळे तलाव इतके सरळ नसतात. उथळ तलावात तळाच्या गाळातला जुना फॉस्फरस वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहतो. तिथे बाहेरचा भार थांबवूनही पाणी हिरवंच दिसतं आणि लोक प्रकल्प फसला म्हणतात. गाळातला साठा आधी मोजलेला असला, तर हा उशीर आधीच सांगता येतो.

'काही घडलं नाही' याची किंमत कळण्यासाठी जिथे घडलं तिथे पाहावं लागतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पिण्याच्या पाण्यातून पसरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीन या परजीवीला मारत नाही, तिथे आधार असतो तो गाळणीचाच, आणि त्या काळात एका शुद्धीकरण केंद्राच्या गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. म्हणून आज गाळणीतून येणारं पाणी 0.3 एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) खाली ठेवण्यासाठी धडपड चालते. गाळणीतून उलट्या दिशेने पाणी सोडून तिची उलटी धुलाई झाल्यावर पहिली काही मिनिटं गढूळपणा उसळतो, तेवढं पाणी पुढे न पाठवता बाजूला काढतात. रात्रपाळीला हा व्हॉल्व्ह न चुकता फिरवणाऱ्या माणसाचं नाव कुठेच छापून येत नाही. त्या व्हॉल्व्हमागे किती घरं आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते काम क्षुल्लक वाटत नाही, वाटूही नये.

समाधान मारणाऱ्या गोष्टीही स्पष्ट सांगायला हव्यात. त्यात पहिला नंबर खोट्या आकड्यांचा. तपासणीच्या दिवशीच प्लांट नीट चालवणं, नमुन्यात साधं पाणी मिसळणं, मीटरची नोंद जागेवर बसून भरणं. अशा कागदावर एकदा सही झाली की पुढची सगळी वर्षं त्याच कागदाशी जुळवून घेण्यात जातात आणि आपल्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. ज्या नोकरीत हे रोजचं आहे, तिथून बाहेर पडावं. कमी पगारावर जावं लागलं तरी माझं मत बदलणार नाही.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. फक्त डिझाइन ऑफिसात बसून नकाशे काढणारे आणि फक्त परवानग्यांचे अर्ज भरणारे अभियंते लवकर सुकतात, कारण त्यांना आपलं काम चालताना दिसतच नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं चालत्या प्लांटवर काढा आणि निदान एक प्लांट शून्यापासून चालू होताना पाहा, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यानंतर केलेलं डिझाइन वेगळंच असतं. नमुना घ्यायला नळ कुठे हवा, पंप बाहेर काढायला जागा आहे का, टाकी रिकामी न करता डिफ्युझर बदलता येईल का, हे प्रश्न आपोआप सुचतात. वीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी एकच मोठी टाकी बांधली, तर पहिली काही वर्षं ती तीस टक्के भारावर चालते. अन्न कमी, गाळ म्हातारा, तंतू माजलेले, पंप सतत चालू-बंद. त्याऐवजी समांतर तीन-चार टाक्या करून गरजेप्रमाणे सुरू केल्या तर हा त्रास टळतो. आपण डिझाइन केलेल्या प्लांटला पाच वर्षांनी भेट देऊन ऑपरेटरला 'तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?' असं विचारावं. त्या तासाभरात जे कळतं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

पैशाबद्दल थोडक्यात. सुरुवातीचा पगार इतर काही शाखांपेक्षा कमी असतो, हे मान्य करूनच या. पण हे काम कायद्याने करावंच लागतं, त्यामुळे मंदीतही ते सहसा थांबत नाही, आणि इथे अनुभव जुना होत नाही. भाराचा ताळेबंद मांडता येणारा माणूस पाणी, सांडपाणी, हवा, घनकचरा, कुठेही उभा राहू शकतो. बिघडलेला प्लांट दोन दिवसांत ओळखणाऱ्याला पन्नाशीतही मागणी असते.

फळ किती लांब जाऊ शकतं याचं मोठं उदाहरण लंडनचं. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेचं कामकाज अवघड केलं, आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांची गटारवाहिन्यांची योजना मार्गी लागली. त्या काळी बहुतेकांचा समज असा होता की रोग दुर्गंधीतून होतो. डॉक्टर जॉन स्नो यांनी 1854 मध्येच कॉलऱ्याचा संबंध पंपाच्या पाण्याशी दाखवला होता, पण तो सर्वमान्य नव्हता. म्हणजे कारण चुकीचं धरूनही वाहिन्यांनी मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर नेला. 1866 ची कॉलऱ्याची साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये भडकली, जिथे ही योजना अजून पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. त्या वाहिन्या आजही वापरात आहेत. पावसाचं पाणी आणि मैला एकत्र वाहत असल्यामुळे त्या तुंबून नदीत सांडत होत्या, म्हणून सुमारे 25 किलोमीटरचा टाइडवे बोगदा बांधावा लागला आणि 2025 मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला.

भूजलाच्या कामात तर फळ बऱ्याचदा पुढच्या अभियंत्याच्या वाट्याला येतं. पंप लावून दूषित पाणी उपसलं की सुरुवातीला आकडे छान उतरतात, मग सपाट होतात, कारण मातीच्या चिकण थरांत शिरलेलं रसायन हळूहळू बाहेर येत राहतं. पंप बंद केला की आकडे पुन्हा चढतात. म्हणून उपसा थांबवल्यावरही पाण्याची पातळी उंच असताना आणि खोल असताना, अशा दोन्ही ऋतूंत नमुने घेत राहावं लागतं. हे काम सोपवताना फाइलमध्ये प्रत्येक निरीक्षण विहिरीची नेमकी जागा, तोंडाची उंची, विहिरीत पाणी आत घेणारी जाळी कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत आहे, नमुना कोणत्या पंपाने आणि किती वेगाने घेतला, प्रयोगशाळेची चाचणी पद्धत कधी बदलली, हे सगळं असलं पाहिजे. जाळीची खोली लिहिलेली नसेल तर पंधरा वर्षांनी येणाऱ्या माणसाला आकडा खाली आलाय तो पाणी सुधारल्यामुळे, की नमुना वेगळ्या थरातून आल्यामुळे, हे सांगता येत नाही, आणि त्याला नवी विहीर खोदून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं.